नेपाळला आईला न्यायचंय: रेल्वे, बस की विमान?

मलकापूरहून बोलतोय. मागे सांगितलं होतं ना, आईला लुंबिनी आणि काठमांडू दाखवायचंय? त्यावरून आमच्या घरात दोन महिने वाद चालू आहे. आज तोच तुमच्यासमोर मांडतो.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात विमानतळ नाही. म्हणजे आधी दीडेकशे किलोमीटर छत्रपती संभाजीनगर, तिथून दिल्ली, मग काठमांडू. हवेतला वेळ चार तासांच्या आसपास, पण दारातून दारात धरा, दिवस गेलाच. दुसरा रस्ता रेल्वेचा. भुसावळला जायचं, कुशीनगर किंवा काशी एक्स्प्रेस पकडायची, पूर्ण एक दिवस-रात्र, वर उशीर वेगळा, की गोरखपूर. तिथून साधारण शंभर किलोमीटरवर सोनौलीची सीमा, आणि पलीकडे तास-दीड तासात लुंबिनी. स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत. आई म्हणते, "इतके पैसे देऊन ढगच पाहाचे काय? रेल्वेनं चाल, मी दशम्या बांधते."

लुंबिनीपर्यंत आईचंच बरोबर आहे. रस्ता सपाट आहे. विमानाची काही गरज नाही.

खरा प्रश्न त्यापुढे आहे. सोनौलीहून काठमांडूला बसने जाताना डोंगर लागतो, आणि नारायणगढ ते मुगलिन रस्ता त्रिशूली नदीच्या कडेकडेनं जातो. १२ जुलै २०२४ च्या पहाटे तिथेच दरड कोसळून दोन बस नदीत गेल्या. आणि २३ ऑगस्ट २०२४ तर आपण विसरूच शकत नाही. पोखराहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. सत्तावीस जण गेले. बहुतेक वरणगाव-भुसावळकडचे, म्हणजे आपले शेजारीच. हवाई दलाच्या विमानाने मृतदेह जळगावला आणले, ती संध्याकाळ मला आठवते. आमच्या गल्लीत कोणी टीव्ही बंद केला नाही आणि कोणी बोललंही नाही.

मग मी म्हटलं, लुंबिनीजवळ भैरहवाला विमानतळ आहे, तिथून काठमांडूला उडू. पण नेपाळच्या आतल्या विमानांचा इतिहासही बरा नाही. मे २०२२ मध्ये डोंगरात पडलेल्या विमानात ठाण्याचं चार जणांचं कुटुंब होतं. जानेवारी २०२३ ला पोखरात ७२ जण गेले. युरोपीय संघाने २०१३ पासून नेपाळी विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली आहे. म्हणून 'विमान म्हणजे सेफ' हे सरसकट नका धरू. कोणतं विमान, कुठून कुठे, हे पाहा.

शेवटी मी असं ठरवलंय: पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात जायचं. रेल्वेने गोरखपूर, गाडीने लुंबिनी, दोन रात्री मुक्काम. मग परत गोरखपूर, तिथून विमानाने दिल्ली, आणि दिल्लीहून भारतीय कंपनीच्या विमानाने काठमांडू. नकाशात वेडेपणा दिसतो, मान्य. आई म्हणालीच, "काठमांडू समोर हाय अन् तू उलटा दिल्लीले काहून चालला?" मी तिला वरणगाव एवढंच म्हटलं. गप्प बसली. खर्च वाढतो, त्यासाठी मी मोबाईल बदलणं पुढे ढकललंय.

एक कामाचं. नेपाळला विमानाने जाताना भारतीयांना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. आधार फक्त १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना चालतं. बाबा अडुसष्टचे, त्यांचं जमलं. आई अठ्ठावन्नची, पासपोर्ट नाही, आणि ओळखपत्रावर आडनाव चुकलेलं. काल फॉर्म ८ भरलाय. दुरुस्त कार्ड हातात आल्याशिवाय दिल्ली-काठमांडूचं तिकीट काढणार नाही. रेल्वेचं रिझर्व्हेशन मात्र उघडल्या दिवशीच करणार, तिघांना खालचे बर्थ मिळाले तर नशीब.