दूरची देखरेख, जवळची जबाबदारी



महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी पंचायत राज्याचा कारभार सुरू झाला. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी असलेले यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव आज कडेगाव तालुक्यात आहे. कारभार लोकांच्या जवळ असावा आणि त्याचा जाब विचारणारेही जवळच असावेत, हे त्या व्यवस्थेचे मर्म होय. आज त्याच तालुक्यात एक नवा प्रश्न उभा आहे. हिशेब ठेवणारे यंत्र गावात आहे. परंतु त्याचा जाणकार कराडला, सांगलीला किंवा पुण्याला बसतो. अशा वेळी कारभाराची सूत्रे कोणाच्या हाती राहावीत?

पतसंस्था, दूध संस्था, खतांचे दुकान, छोटा कारखाना अशा अनेक व्यवसायांचे खातेवही-कपाट आता सर्व्हरमध्ये सामावले आहे. सर्व्हर म्हणजे अनेक संगणकांना एकाच ठिकाणाहून माहिती पुरविणारा मुख्य संगणक. तो बिलाच्या दिवशी बंद पडला, तर उत्पादक खिडकीसमोर ताटकळतात आणि जाणकार येईपर्यंत दिवस मावळतो. यावर उपाय म्हणून दूरस्थ देखरेख आणि दूरस्थ प्रवेश या दोन सोयी उपलब्ध आहेत.

दुरून पाहण्याची कल्पना या भागाला नवी नाही. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांतील पर्जन्यमापक व नदीपातळी मापक केंद्रांकडील माहिती स्वयंचलित यंत्रणेने पुण्याच्या सिंचन भवनापर्यंत पोहोचते. पूर दाराशी येण्यापूर्वी त्याची चाहूल लागावी, हा तिचा हेतू आहे. सर्व्हरच्या देखरेखीचा हेतूही तोच. नागिऑस, झॅबिक्स यांसारख्या मुक्त प्रणाली ठरावीक मिनिटांनी यंत्राची विचारपूस करतात. साठवणुकीची जागा किती उरली, तापमान किती वाढले, यूपीएसची बॅटरी टिकून आहे काय, रात्रीची प्रत निघाली काय, चुकीचा पासवर्ड किती वेळा दिला गेला, हे प्रश्न त्या विचारतात आणि मर्यादा ओलांडली जाताच संबंधितांच्या भ्रमणध्वनीवर सूचना पाठवितात. साठवणूक ऐंशी टक्के भरताच पहिला इशारा मिळाला, तर ती पूर्ण भरण्यापूर्वी उपाय करण्यास अवधी मिळतो.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. वीज गेलेला सर्व्हर स्वतःची तक्रार स्वतः करू शकत नाही. म्हणून देखरेख करणारी यंत्रणा त्याच खोलीत न ठेवता अन्यत्र असावी आणि ठरलेल्या वेळी खुशालीचा निरोप न आल्यास तोच धोक्याचा इशारा मानावा. निरोप जाण्यासाठी तारेच्या जोडणीबरोबर भ्रमणध्वनीची दुसरी जोडणीही असावी. भारनियमन लांबले, तर यूपीएसची शक्ती संपण्यापूर्वी सर्व्हर आपोआप आणि नीट बंद व्हावा, अशी व्यवस्था असावी.

आता दुसरी बाजू. पाहण्यासाठी खिडकी पुरते. आत येण्यासाठी दार लागते. पुष्कळ ठिकाणी घाईत राउटरमध्ये एक वाट मोकळी करून सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवला जातो. अशी उघडी दारे शोधत फिरणारी स्वयंचलित यंत्रे जगभर रात्रंदिवस चालू असतात. ती कडेगाव आणि मुंबई असा भेद करीत नाहीत.

असा धोका केवळ छोट्या संस्थांना असतो, असेही नाही. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये संगणकीय हल्ला झाला. ११ ऑगस्ट रोजी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांद्वारे रकमा काढण्यात आल्या. १३ ऑगस्ट रोजी आणखी रक्कम हाँगकाँगला वळविण्यात आली. एकूण हानी ९४ कोटी रुपयांच्या घरात होती. ११ ऑगस्ट हा महिन्यातील दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस होता. चोर सुटी पाळत नाही. त्यामुळे देखरेखीलाही सुटी असून चालत नाही.

म्हणून दार अरुंद हवे. प्रथम व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारी परंतु सांकेतिक कुलूप असलेली खासगी वाट तयार करावी आणि प्रवेश केवळ त्याच वाटेने द्यावा. पासवर्डच्या जोडीला भ्रमणध्वनीवरील दुसरी खूण अनिवार्य असावी. तंत्रज्ञ चार असतील, तर प्रत्येकास स्वतंत्र नावाचे खाते द्यावे. सर्वांचा मिळून एकच पासवर्ड असल्यास कोणी काय केले, हे कधीच उलगडत नाही. कंत्राट संपले किंवा कर्मचारी सोडून गेला, तर त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. काही सर्व्हरमध्ये मुख्य यंत्र बंद असतानाही ते दुरून सुरू करता येईल, असे एक लहान नियंत्रक असते. ते अत्यंत उपयुक्त आहे, म्हणूनच ते इंटरनेटवर कधीही उघडे ठेवू नये.

अनोळखी व्यक्तीच्या दूरध्वनीवरून संगणकाचा ताबा देणे, हा तर आपल्याच हाताने किल्ली देण्याचा प्रकार. अशा फसवणुकीत एनीडेस्क या प्रणालीचा गैरवापर होत असल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

कायद्याची अपेक्षाही स्पष्ट आहे. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निदेशांनुसार, निर्दिष्ट प्रकारच्या संगणकीय घटना निदर्शनास आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. हे निदेश सेवा पुरवठादार, निगम संस्था आणि शासकीय संस्था यांना लागू आहेत. नोंदीच नसतील, तर चौकशीचा धागा सापडत नाही.

तंत्रज्ञ बाहेरचा असला, तरी एक वही मात्र संस्थेतच असली पाहिजे. कोणाकडे प्रवेश आहे, तो कोणी मंजूर केला, आत कोण केव्हा आले आणि कशासाठी आले, हे तीत लिहिलेले असावे. संचालक मंडळाने महिन्यातून एकदा ती यंत्रातील नोंदींशी ताडून पाहावी. वर्षातून किमान दोनदा राखीव प्रतीवरून सर्व माहिती दुसऱ्या यंत्रावर उभी करून पाहावी. पुन्हा उभी करून न पाहिलेली प्रत ऐनवेळी उपयोगी पडेलच, याची खात्री देता येत नाही. या कामास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. दप्तर तपासण्याची सवय लागते आणि ती पंचायत सदस्यांना, शिक्षकांना आणि सचिवांना आहेच.

कृष्णेचे पाणी टेंभू योजनेतून टप्प्याटप्प्याने उचलले जाऊन या दुष्काळी टापूत आले. मधला एक टप्पा थांबला, तर पुढचे शेत कोरडे राहते. संगणकाच्या व्यवस्थेतही खिडकी, दार, किल्ली आणि वही हे सारे टप्पे असेच एकमेकांवर अवलंबून आहेत. ठेवीदाराने कष्टाचे पैसे गावातील संस्थेवर विसंबून ठेवलेले असतात. दूरच्या तंत्रज्ञाचे नावही त्याला ठाऊक नसते. म्हणून यंत्रावरची नजर कितीही दुरून असो, किल्ल्यांची वही गावातच राहिली पाहिजे.