मांजर सोंग करतं काय?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला विषय दिला आहे 'मन आणि शरीर'. मी डॉक्टर नाही, गिरणी कामगार आहे. वाचून जे समजलं ते मांडतो.

आपल्या वस्तीत एखाद्याचं पोट सारखं दुखायला लागलं की दोन निदानं होतात. एक म्हणतो, करणी झाली, अंगारा आणा. दुसरा म्हणतो, कसलं दुखणं, सोंग आहे. ही दोन्ही निदाने खोटी ठरविणारा माणूस म्हणजे अमेरिकेतील वॉल्टर कॅनन.

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला. लगेच १८९६ मध्ये बोस्टनच्या हार्वर्ड विद्यापीठात डॉक्टरकी शिकणाऱ्या कॅननने ते किरण पचनाच्या अभ्यासाला लावले. मांजराच्या खाण्यात त्याने बिस्मथची पूड मिसळली, त्यामुळे जठर पडद्यावर दिसू लागले. जठर लाटेसारखे हलत होते, अन्न घुसळत होते. पण मांजर चिडले, घाबरले की हालचाल एकदम बंद! हात फिरवून शांत केले की पुन्हा सुरू.

आता मला सांगा, त्या मांजरावर कुणी करणी केली होती? आणि मांजर सोंग करतं काय?

कॅनन पुढे हार्वर्डमध्येच प्राध्यापक झाला आणि त्याने याचे कारण शोधले. भीती वाटली की अॅड्रिनॅलिन रक्तात उतरते, काळीज धडधडते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते, पचन थांबते. १९१५ साली त्याने यावर ग्रंथ लिहिला. संकट घडीभराचं असेल तर ही सोय चांगलीच. पण सावकार रोज दारात उभा, घर जाण्याची धास्ती, कामावर रोजचा अपमान, मग ते पोट शांत होणार कधी? म्हणून पोटाचा प्रश्न हा न्यायाचाही प्रश्न आहे.

मात्र दुसरी बाजूही ऐका. जठराच्या अल्सरचा दोष डॉक्टर लोक वर्षानुवर्षे काळजीला देत होते. ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल यांनी त्यामागचा जंतू शोधला. मार्शलने १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. तेव्हा सगळंच मनावर ढकलू नका. दुखणं राहत नसेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, तर थेट दवाखाना गाठा. देवरुशाकडे एक दिवसही घालवू नका.

तथागतांनी मनाला अग्रस्थान दिले आणि कालामांना सांगितले, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला हाच धम्म दिला. म्हणून माझी विनंती आहे : वंदनेनंतर दहा मिनिटे आनापान करा, पोट दुखणाऱ्याला हसू नका, आणि ज्याने ज्याने भीती पेरली आहे त्याच्याविरुद्ध संघटित व्हा.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवितो. नमो बुद्धाय! जयभीम!