रसमड्यावरून जाणारी गाडी

(हीरक महोत्सव समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी राजनांदगाव सोडते आणि दुर्ग येण्यापूर्वी आपले रसमडा मागे टाकते. मोठ्या गाड्या येथे थांबत नाहीत. त्यामुळे गाडीत बसण्यापेक्षा जाणारी गाडी पाहण्यातच आपण अधिक तरबेज!

या मुलखात एके काळी नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. १८८० च्या दशकात इंग्रजांची आगगाडी छत्तीसगडात आली. पुढे इंग्रजही गेले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियन अभियंते आले, दुभाषे आले. ती महासत्ता अढळ आहे, अशीच तेव्हा सर्वांची समजूत. डिसेंबर १९९१ मध्ये ती विसर्जित झाली. भट्ट्या मात्र धगधगत राहिल्या आणि मैत्रीबागेचे नावही कोणी बदलले नाही.

आपल्या घरांना खरा धक्का बसला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. तोवर नागपूर ही आपलीच राजधानी होती. त्या दिवशी ती मुंबई राज्यात गेली आणि उंबरठाही न ओलांडता आपण परप्रांतीय मराठी झालो. २००० साली राजधानी पुन्हा बदलली.

यंदा प्रवेशाच्या दिवसांत एका आईने मला विचारले, "बाई, येथे मराठीला विचारतो कोण?" प्रश्न रास्त होता. नोकरीच्या हिशेबाने माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हते, आणि खोटे आश्वासन देणे मला जमत नाही. मी त्यांना वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची हकीकत सांगितली. दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे, या आशेने ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्या दोन वर्षांत दिल्लीची बादशाही संपली, कंपनी सरकारही गेले. भटजी वाटेत लुटले गेले. तरी आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून घरी आणली. उतारवयात त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला, म्हणून एका गरीब भिक्षुकाच्या नजरेतून तो काळ आपल्याला मराठीत वाचता येतो. राज्यकर्त्यांच्या दप्तरात ही कावड कोठून सापडणार?

त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. "घरी विचारून कळवते," एवढेच म्हणाल्या. अद्याप कळवलेले नाही. पहिलीच्या हजेरीपटावर एक ओळ मी कोरी ठेवली आहे.

माजी विद्यार्थ्यांपाशी देणगीहून निराळे एक मागणे आहे. शनिवारी तासभर येऊन लहान मुलांना मराठी गोष्टी वाचून दाखवा. वेळ सकाळी आठची. पुस्तके शाळेत आहेत. वाचणारी माणसे कमी पडतात.