घाट चढायचा तर आधी दात मोजा

दुपारची जेवणं उरकून रेडिओ लावला असेल, तर थोडा वेळ बसा. आज बोलायचंय सायकलीच्या गिअरबद्दल. हसू नका. हे मला वेळेवर कोणी सांगितलं असतं, तर माझा उजवा गुडघा दोन महिने दुखला नसता.

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी जुनी रोड बाइक विकत घेतली. खाली वाकलेलं हँडल, बारीक टायर. सपाटीला अशी पळायची की बास. मग एका रविवारी वाईहून पसरणीचा घाट चढायला निघाले. वाई ते पाचगणी सुमारे बारा किलोमीटर, आणि तेवढ्यात पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंची गाठायची. तिसऱ्या वळणाला मांड्या भरून आल्या, पुढे तर चक्क उतरून सायकल ढकलली. घरी आल्यावर यजमान म्हणाले, "या वयात कशाला घाट?" ज्याच्याकडून सायकल घेतली तो म्हणाला, "ताई, पाय तयार व्हायला वेळ लागतो." मलाही ते पटलं. दोष आपलाच, असं मानायची आपल्याला सवयच असते ना! सायकल विकायलाही काढली होती.

ती बघायला आलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी खाली बसून चाकाचे दात मोजले आणि म्हणाले, "बाई, ही शर्यतवाल्या पोराची सायकल आहे. तुमच्या पायांना काही झालेलं नाही."

तर दातांचा हिशेब असा. पेडलजवळ दोन दातेरी चकत्या असतात. मागच्या चाकाला लहानमोठ्या चकत्यांचा जुडगा असतो, त्याला कॅसेट म्हणतात. चढाला पुढची सगळ्यांत लहान आणि मागची सगळ्यांत मोठी चकती लावायची. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागायचं. माझ्या सायकलीला पुढे ३९ आणि मागे २५ होते, म्हणजे दीडाच्या थोडं वर. याचा अर्थ पेडलचा एक फेरा मारला की मागचं चाक दीड फेऱ्यांहून जास्त फिरणार. चाकाचा घेर साधारण दोन मीटर दहा सेंटिमीटर. म्हणजे एका फेऱ्यात सव्वातीन मीटर घाट चढायचा!

माझ्यासारखी बाई त्या चढाला तासाला आठ किलोमीटरने जाते. त्या गिअरवर आठच्या वेगाला मिनिटाला जेमतेम ४० फेरे पडतात. प्रत्येक फेरा म्हणजे जातं ओढल्यासारखा, आणि सगळा भार गुडघ्यावर. आता माझ्याकडे पुढे ३४ आणि मागे ३२ आहेत. वेग तोच आठचा, पण फेरे पडतात ६०, आणि प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. एकूण कष्ट काही वाचत नाहीत हं. भरलेला मोठा हंडा एका खेपेत आणायचा की दोन कळशा दोन खेपांत, एवढाच फरक. पाणी तेवढंच, पण कंबर शाबूत राहते.

म्हणून नवी रोड बाइक घेताना रंग नंतर बघा. पुढे ५० आणि ३४ दातांची जोडी मागा, तिला दुकानात कॉम्पॅक्ट म्हणतात. मागे मोठी चकती ३२ किंवा ३४ ची असू द्या. ३४ ला ३४ म्हणजे एकास एक. घाटाला याहून चांगलं काय! तोटा एवढाच, की मागच्या चकत्यांमधलं अंतर वाढतं, त्यामुळे सपाटीला गिअर बदलताना पायाला जरा धक्का जाणवतो. मला तो चालतो.

जुनी सायकल असेल तर आधी मागची कॅसेट बदला, ते स्वस्तात होतं. पण मिस्त्रींना तीन गोष्टी विचारा. कॅसेट तितक्याच चकत्यांची आहे ना? साखळी सरकवणारा मागचा डिरेलर एवढी मोठी चकती पेलेल ना? आखूड डिरेलर साधारण २८ पर्यंतच जातो. आणि साखळी लांब करावी लागेल का? साखळी आखूड राहिली आणि चुकून मोठीवर मोठी लागली, तर डिरेलरच मोडतो. माझ्या सायकलीच्या क्रँकला ३८ पेक्षा लहान चकती बसतच नव्हती, म्हणून क्रँकही बदलावा लागला. जुन्या भागांत भागवलं, तरी दिवाळीची साडी गेली.

आणि हो, गिअर वळणाच्या आधी हलका करा. चढाला जोर लावून उभं राहिल्यावर खटका ओढला तर साखळी कुरकुरते, कधी निसटतेही.

हलक्या गिअरला काही मंडळी हसतात. हे जुनंच आहे. फ्रान्समधली टूर द फ्रान्स शर्यत १९०३ साली सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे कमजोरांचं काम वाटे. १९३७ पर्यंत त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी नव्हती. आल्प्सच्या पायथ्याशी भलेभले गडी खाली उतरून मागचं चाक काढायचे, उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला मोठी चकती असायची. आज तिथले विजेतेही डोंगरात लहान चकतीवरच असतात.

माझ्या धाकट्या जाऊबाईंची सायकल गेलं वर्षभर गोठ्यात टांगलेली होती, "मला चढ झेपत नाही" म्हणून. परवा आम्ही दोघींनी खडूने खुणा करत दात मोजले. पुढे ३९, मागे २३! त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मिस्त्री गुरुवारी येणार आहेत.