हरवलेला ‘सव्वा’
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



‘तू नेमकं काय काम करतेस ते दहा मिनिटांत सांग,’ असा आयोजकांचा हुकूम आहे. घरी आईही हेच विचारते. तिला मी सांगते, ‘कॉम्प्युटरला वाचायला शिकवते.’ ते बरंचसं खरंही आहे.

मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामला पार्सर म्हणतात. मजकूर त्याच्यापुढे एकदम येत नाही, नळाच्या धारेसारखा एकेक अक्षराने येतो. ही धार म्हणजे इनपुट स्ट्रीम. पार्सरने तिच्याकडे काय मागायचं आणि तिने काय द्यायचं, याचा जो करार ठरतो तो इंटरफेस. काही वर्षांपूर्वी असा करार ठरवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी तो चुकीचा ठरवला. आज त्या चुकीबद्दलच बोलणार आहे.

काम होतं जुन्या खरेदीखतांचं. त्यात रक्कम आकड्यांत असते आणि पुढे ‘अक्षरी रुपये’ म्हणून शब्दांतही असते. आकडा पुसट झाला की भिस्त शब्दांवर. ते शब्द वाचून आमच्या प्रोग्रामने आकडा तयार करायचा होता.

आता आपली मराठी बघा. ‘सव्वा लाख’ म्हणजे १,२५,०००. ‘सव्वा दोन लाख’ म्हणजे २,२५,०००. नुसता ‘सव्वा’ वाचून काहीच ठरत नाही, पुढचा शब्द बघावा लागतो. आपण ते नकळत करतो. प्रोग्रामला मात्र पर्याय क्रमाने द्यावे लागतात. पहिला पर्याय : ‘सव्वा’ आणि लगेच शे, हजार किंवा लाख. तो जमला नाही तर मागे येऊन दुसरा : ‘सव्वा’, मग संख्या, मग लाख. तोही जमला नाही तर पुन्हा मागे येऊन तिसरा : साधी संख्या. या मागे येण्याला बॅकट्रॅकिंग म्हणतात.

माझ्या करारात दोनच गोष्टी होत्या : ‘पुढचं अक्षर दे’ आणि ‘शेवटचं अक्षर परत घे’. ज्यांनी कॉलेजात सी भाषा शिकली, त्यांना ‘अनगेटसी’ आठवत असेल. तिथेही हमी एकच अक्षर परत घेण्याची असते. मला वाटलं, एवढं पुरे.

एका खतात ‘सव्वा दोन लाख’ आलं. पार्सरने ‘सव्वा’ वाचलं. पुढे ‘लाख’ हवं होतं, तर ‘द’ आला. पहिला पर्याय फसला. पार्सरने ‘द’ परत दिला, पण ‘सव्वा’ आधीच गिळला गेला होता. दुसऱ्या पर्यायाला ‘सव्वा’ हवा होता, तो सापडेना, म्हणून तोही फसला. तिसऱ्याला समोर ‘दोन लाख’ दिसलं आणि तो खूश झाला. उत्तर आलं २,००,०००. पडद्यावर लाल अक्षर नाही, इशारा नाही. पंचवीस हजार रुपये गुपचूप गेले.

ही चूक मला सापडली नाही. तपासणीला बसलेल्या एका मुलीने सांगितलं, ‘मॅडम, इथे कागदावर सव्वा आहे.’ मी तिला म्हटलं, ‘तुझी नोंद नीट बघ, प्रोग्राम बरोबर आहे.’ दुसऱ्या दिवशी ती तशीच तीन खतं घेऊन आली. तेव्हा मी माझा कोड उघडला. नंतर तिची माफी मागितली, पण आदल्या दिवशीचं ते वाक्य अजून टोचतं.

मग करार नव्याने लिहिला. ‘परत घे’ काढून टाकलं. त्याच्या जागी तीन गोष्टी आल्या : ‘इथे खूण कर’, ‘या खुणेपाशी परत ये’ आणि ‘आता ही खूण सोड’. प्रत्येक प्रयत्नाची खूण वेगळी ठेवली, कारण एका प्रयत्नाच्या पोटात दुसरा प्रयत्न असतो. जावाच्या इनपुट स्ट्रीमला एका वेळी एकच खूण लक्षात राहते, दुसरी केली की पहिली जाते. आम्हाला ते चालणार नव्हतं. सगळ्यात जुन्या खुणेपासूनचा मजकूर स्ट्रीम सांभाळून ठेवते. खूण सोडली की तेवढी जागा मोकळी होते.

आणि मोजायचं काम पार्सरकडून काढून घेतलं. कागदावर ‘सव्वा’ म्हणजे दोन अक्षरं. युनिकोडमध्ये ती पाच चिन्हं होतात : स, व, हलन्त, व, काना. यूटीएफ-८ मध्ये साठवली की पंधरा बाइट. किती मागे जायचं हे पार्सरने मोजलं, तर कधीतरी तो चुकणारच. त्याने फक्त खूण दाखवायची, अंतर स्ट्रीमने जाणायचं. परत येताना ओळीचा क्रमांकही परत आला पाहिजे.

एक गोष्ट मात्र स्ट्रीम परत आणू शकत नाही. पर्याय तपासता तपासता पार्सरने एकूण बेरजेत रक्कम मिळवून टाकली असेल, तर मजकूर मागे आला तरी बेरीज मागे येत नाही. म्हणून पर्याय पक्का होईपर्यंत बेरजेला हात लावायचा नाही, असा नियम केला. सर, तुम्ही आम्हाला उजवीकडे समास आखून कच्चं काम तिथे करायला लावायचात. तो नियम तिथलाच आहे.

हे सगळं आज इथे सांगण्याचं कारण आहे. आपण उरणची मुलं. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात आपल्या भागातले पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा आपण फार लहान होतो. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं, तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. अर्थ कळायच्या आधीच ‘साडेबारा टक्के’ हे शब्द आपण घरोघरी ऐकले. त्यातला ‘साडे’ गिळला गेला तर उरतात बारा. वाचणाऱ्याला तेही बरोबरच वाटेल. अर्ध्या टक्क्याची जमीन म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको.

त्या खतांमध्ये उरणचं एकही नव्हतं. पण ‘सव्वा’ सापडला त्या रात्री मला आपल्याच गावातले ट्रंकेत जपून ठेवलेले कागद आठवत होते. आता टीममध्ये नवीन कुणी आलं की मी त्यांच्यापुढे पहिलं उदाहरण ठेवते ते ‘सव्वा दोन लाख’. आणि तपासणीतून कुणी ‘मॅडम, इथे चुकतंय’ म्हणालं, की आधी स्वतःचा कोड उघडते.

बाई, सर, तुम्ही वाचायला शिकवलंत. अडलं की ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवून पुन्हा वाचायला लावलंत. ते बोट ठेवायला मी कॉम्प्युटरला जरा उशिरा शिकवलं, एवढंच.