पानावरचा ठिपका

श्रावण सरत आला, की आमच्या उंब्रजच्या शिवारात माणसं सोयाबीनची पानं उलटी करून बघताना दिसतात. धास्ती असते ती तांबेऱ्याची. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं या रोगापुढे तग धरणारे ‘फुले अग्रणी’, ‘फुले संगम’ हे वाण दिले, तरी ठिपका दिसला की पोटात गोळा येतोच.

पण ठिपक्याठिपक्यांत फरक असतो. भुरकट ठिपक्यात बुरशी जोमानं वाढलेली असते. लालसर तपकिरी ठिपका मात्र पानानं झुंज दिल्याची खूण.

तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवरच पोसते. तिची चाहूल लागली, की प्रतिकारक झाडात तिथल्या पेशी आपणहून मरतात आणि बुरशी उपाशी राहते. झाडाला रक्त नाही, धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. जिथल्या तिथेच लढायचं. या मरणात प्रथिनं कापणाऱ्या विकरांचा हात असतो. पेशीत रसानं भरलेली एक पिशवी असते. ती फुटते आणि आतली विकरं पेशी मोडून टाकतात. 2004 साली जपानी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडात असं एक विकर बंद पाडलं. मग विषाणू शिरला, तरी पेशींचं हे मरण घडलंच नाही.

कवी म्हणून मी वहीत ‘हौतात्म्य’ असा शब्द लिहिला होता. नंतर खोडला. मेलेल्या पेशींवर जगणाऱ्या बुरशीला हेच मरण म्हणजे आयतं ताट. मरण प्रत्येक वेळी कामी येतंच असं नाही.

आता ठिपका दिसला, की आधी त्याचा रंग बघतो आणि मग जाणत्याला विचारतो.