शंभर वेळा लिहिणे आणि दहा फेऱ्या मारणे
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



समितीने फोन केला तेव्हा एकच अट घातली : ‘यशस्वी कसं व्हावं’ यावर बोलायचं नाही, तू रोज नेमकं काय करतेस ते सांग. अट मला आवडली. म्हणून आज असेंब्ली भाषेबद्दल बोलते. घाबरू नका, भोर आणि वेल्ह्याच्या बाहेर फारसं जावं लागणार नाही.

माझं काम लहान यंत्रांच्या आत चालणारे प्रोग्रॅम लिहिण्याचं. मोटारींचे कंट्रोलर, मोजून खत सोडणारे पंप, असलं काहीबाही. बराचसा भाग हल्ली सी भाषेत असतो. पण जिथे एकेक मायक्रोसेकंद मोजावा लागतो, तिथे अजून असेंब्लीच. आपण ‘मूव्ह’, ‘ॲड’ अशा अक्षरी सूचना लिहायच्या आणि असेंब्लर नावाच्या प्रोग्रॅमने त्यांचे यंत्राला कळणारे आकडे करायचे. ही कल्पना पहिल्यांदा मांडणाऱ्यांत एक बाई होत्या, लंडनच्या बर्कबेक कॉलेजमधल्या कॅथलीन बूथ. साल १९४७. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्यांचं नाव मला कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे मुद्दाम घेते.

आता मुख्य गोष्ट. तेच काम पुन्हापुन्हा करून घ्यायचं असेल तर काय करायचं? ‘दहा वेळा कर’ हे यंत्राला कळत नाही. त्याला एवढंच कळतं : या डब्यातला आकडा एकने कमी कर, आणि तो शून्य झाला नसेल तर मागे अमुक ठिकाणी जा. कॉलेजच्या लॅबमधल्या ८०८५ ला त्यासाठी दोन सूचना लागायच्या, डीसीआर आणि जेएनझेड. ८०५१ मध्ये दोन्ही मिळून एकच, डीजेएनझेड. ८०८६ मध्ये तर सूचनेचं नावच लूप. दर वेळी हे सगळं लिहायचा कंटाळा येतो, म्हणून मॅक्रो करतात. एकदा मजकूर लिहून त्याला नाव द्यायचं. पुढे ते नाव लिहिलं की असेंब्लर त्या जागी सगळा मजकूर स्वतः घालतो.

पण ‘पुन्हा’चे दोन प्रकार आहेत, आणि ते आपल्याला शाळेतच शिकवले होते. चुकीचा शब्द शंभर वेळा लिहून आणायची शिक्षा आठवते? त्यात वहीची पानं भरायची. दुसरी शिक्षा, मैदानाला दहा फेऱ्या. त्यात मैदान तेवढंच राहायचं, दम लागायचा. असेंब्लरला ‘रेप्ट’ सांगितलं की तो पहिली शिक्षा घेतो : त्याच ओळी खरोखर शंभर वेळा लिहून काढतो, तीही प्रोग्रॅम चालू होण्याआधी. डीजेएनझेडवाला लूप म्हणजे मैदानाच्या फेऱ्या, त्या प्रोग्रॅम चालताना होतात. पहिल्या प्रकारात मोजायचा आणि मागे जायचा वेळ वाचतो, पण जागा खर्च होते. ८०५१ च्या पोटात प्रोग्रॅमसाठी जागा ४ किलोबाइट. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये १९६० साली चालू झालेल्या टिफ्रॅक या आपल्या देशात बांधलेल्या संगणकात तर सगळी मिळून २०४८ शब्दांची मेमरी होती. तिथे वहीची पानं भरणं कोणाला परवडणार!

हे एवढंच असतं तर पगार कशाचा, असं कोणी तरी मागून म्हणतंय. पगार पुढच्या भानगडीचा. प्रत्येक असेंब्लरची बोली वेगळी. मॅसममध्ये ‘रेप्ट’ने सुरू करून ‘एंडएम’ने संपवायचं. नॅसममध्ये %रेप आणि %एंडरेप. जीएनयूमध्ये .रेप्ट आणि .एंडआर. आर्मच्या जुन्या असेंब्लरमध्ये ‘व्हाइल’ आणि ‘वेंड’. शिवाय मॅक्रोच्या आत ‘मागे इथे ये’ म्हणून एक खूण ठेवावी लागते. मॅक्रो दोनदा वापरला की तीच खूण दोनदा येते आणि असेंब्लर हटून बसतो. आपल्या वर्गात एकाच नावाच्या दोघी असल्या की बाई हजेरी क्रमांकाने हाक मारायच्या, तसाच तोडगा काढलाय. मॅसममध्ये त्या खुणेला ‘लोकल’ म्हणायचं, नॅसममध्ये तिच्याआधी दोन टक्केचिन्हं लावायची, आणि जीएनयूमध्ये तिरकी रेघ आणि ॲट लिहिलं की तो खरोखरच चढता क्रमांक लावून देतो. जीएनयूचा तोडगा मला सगळ्यांत सरळ वाटतो. नॅसमवाले भांडतील, भांडू देत.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जुना प्रोग्रॅम आला. ठिबकमधून खत सोडणाऱ्या पंपाचा, दुसऱ्या कोणी लिहिलेला. तो एका असेंब्लरमधून दुसऱ्यात आणायचा होता. त्यात लूपचे दोन मॅक्रो होते. पहिल्यात ठरावीक आकडा द्यायचा. त्याच्या सुरुवातीला अट होती : आकडा शून्य असेल तर काही करू नको. दुसरा मॅक्रो पहिल्याचीच नक्कल, फक्त इथे आकडा एका डब्यातून घ्यायचा, शेतकऱ्याने बटणांनी लावलेला. अटीची ओळ तशीच राहिली होती. जुन्या असेंब्लरने ती वर्षानुवर्षं निमूट चालवून घेतली. नव्याने अडवली, म्हणाला, ही किंमत मला आत्ता ठाऊक नाही. ती ओळ काढून टाकली असती तर सगळं मुकाट चाललं असतं, आणि काम उरकायची घाई होतीच. पण नुकतीच रुजू झालेली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ही अट नक्की कोणाचा शून्य तपासतीये?”

आम्ही बघितलं. ती डब्यातला आकडा तपासतच नव्हती, डब्यावरचा क्रमांक तपासत होती. तो क्रमांक कधीच शून्य नसतो. म्हणजे तपासणी कागदावर होती आणि शेतात नव्हती. आता शेतकऱ्याने ‘आज खत नको’ म्हणून शून्य लावला तर काय होईल? डीजेएनझेड आधी एक कमी करतो आणि मग बघतो. शून्यातून एक गेला की ८ बिटांच्या डब्यात २५५ उरतात. २५५ म्हणजे शून्य नाही, चला मागे. पंपाचे ठोके पडणार २५६. ८०८६ च्या लूपमध्ये हेच ६५,५३६ झाले असते.

आपल्याकडे खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात. पण रास आहे की नाही हे आधी बघतात, मग लाभ म्हणतात. यंत्र रिकाम्या खळ्यावरही आधी लाभ म्हणून मोकळं होतं. म्हणून लूपच्या आत शिरण्याआधी डब्यात डोकावणारी एक सूचना प्रोग्रॅममध्येच लागते, असेंब्लरने कागदावर केलेली तपासणी तिथे उपयोगाची नाही. आम्ही ती घातली. एका ओळीचं काम. त्यापेक्षा जास्त वेळ आधी विकलेल्या पंपांच्या मालकांना कळवायला गेला. “शून्य कोण लावतंय? खत नको असेल तर लोक कॉकच बंद करतात,” असं काही जणांचं म्हणणं होतं. मी वाद घातला. चेलाडी फाट्यावर एसटी बदलून शाळेत येणाऱ्या आपल्या वर्गातल्या निम्म्या घरांत आज ठिबक आहे. तिथे पंपाला हात कोणाचे लागतात, सकाळी कोण बटण दाबतं, हे मला माहीत आहे. शेवटी पत्रं गेली, चिपही बदलून दिल्या.

जाता जाता एक. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सरांच्या परवानगीने दोन बोर्ड मांडलेत, पंपाऐवजी छोटे दिवे लावून. डावीकडच्यात तपासणी आहे, उजवीकडच्यात नाही. दोन्हींवर आधी पाच लावून बघा, मग शून्य. उजवीकडचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायला मुलांना बसवा, मोठ्यांना तेवढा दम नाही. पंगत बसेपर्यंत बोर्ड चालू आहेत.